आईला स्वतःच्या घरात परत यायचंय, पण भाडेकरूंच्या मुलाचं दहावीचं वर्ष आहे

सोनचाफा

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कर्वेनगरला आईच्या नावावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. बाबा गेल्यावर आईला मी बंगळुरूला घेऊन आले आणि घर भाड्याने दिलं. २२ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, रीतसर नोंदणी झालेला, पुढच्या जूनअखेर संपणारा. पहिल्या ११ महिन्यांचं लॉक-इन होतं, म्हणजे तोवर कुणीच करार मोडायचा नाही, ते संपलंय. त्यापुढे दोघांपैकी कुणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो, असं कलम आहे.

आई आता ७६ वर्षांची आहे. एका गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात झालंय, दुसऱ्याचं जानेवारीत करायचं ठरतंय, त्याच डॉक्टरांकडे. इथे अकराव्या मजल्यावर ती दिवसभर एकटी असते. खाली बायका जमतात, पण आईला कन्नड येत नाही आणि इंग्रजीत बोलायची वेळ आली की ती गप्प बसते. कर्वेनगरला तिचं भजनी मंडळ आहे, समोरच्या काकू आहेत, फोन केला की वर भाजी आणून देणारा भाजीवाला आहे. "ऑपरेशन झाल्यावर मला माझ्या खोलीत झोपायचंय," एवढंच तिचं म्हणणं. मला कंपनीने पुण्याच्या ऑफिसात बदलीही दिली आहे.

भाडेकरू म्हणजे नवरा-बायको आणि एक मुलगा. माणसं सरळ आहेत. भाडं कधी थकलं नाही, घर नीट ठेवलंय. गेल्या आठवड्यात मी फोन करून सांगितलं की डिसेंबरअखेर घर लागेल. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग ताई म्हणाल्या, "मुलगा दहावीला आहे हो. मार्चची परीक्षा तेवढी होऊ द्या, दुसऱ्या दिवशी किल्ली देतो."

तेव्हापासून मला झोप नाही. मामा म्हणतो, आज नोटीस पाठव, एकदा सवलत दिलीस की माणूस हलत नाही. घर आईचं आहे आणि तिला त्याची गरज आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ऐन दहावीत एका मुलाचं टेबल-खुर्ची उचलायची हेही बरं वाटत नाही. कायदा काय म्हणतो? आणि कायद्याच्या पलीकडे, तुमच्यापैकी कुणी असं निभावलं असेल तर कसं?

रानपाखरू

करारात एक महिना लिहिलाय, त्यांनी सही केलीय. मार्चपर्यंत थांबायला तुम्ही बांधील नाही. दहावी अचानक येत नाही, करार करताना त्यांनाही माहीत होतं की २२ महिन्यांत मुलाचं दहावीचं वर्ष येणार.

तिसरा_मजला_उजवीकडे

रानपाखरू, भाड्याने राहणाऱ्याच्या बाजूनेही जरा बघा. करार जूनपर्यंतचा आहे, म्हणजे दहावी आटोपेपर्यंत घर आपलं असा हिशोब करूनच त्यांनी तो केला असणार. एक महिन्याचं कलम सगळ्याच करारांत छापील असतं, एजंट वाचूनही दाखवत नाही.

माझा अनुभव सांगते. आम्ही वाकडला राहत होतो. घरमालकांनी सांगितलं, मुलगा-सून परदेशातून परत येताहेत, घर हवंय. आम्ही वाद न घालता महिन्यात घर सोडलं. पुढच्याच महिन्यात तोच फ्लॅट वाढीव भाड्याने ऑनलाइन जाहिरातीत. फोटोत बेडरूमच्या दारावर माझ्या लेकीने चिकटवलेली फुलपाखरं तशीच होती. नवा डिपॉझिट, एजंटाचं एक महिन्याचं भाडं, टेम्पो, स्कूल बसचा बदललेला मार्ग, सगळं आमच्या गळ्यात.

म्हणून "आम्हालाच राहायला यायचंय" हे वाक्य ऐकलं की भाडेकरूचा पहिला विचार असतो, खरं असेल का? सोनचाफा, तुमची गरज खरी आहे हे इथे वाचून कळतं. त्यांना फोनवर ते कळलंय का? आईच्या ऑपरेशनबद्दल बोललात का त्यांच्याशी?

सोनचाफा

ऑपरेशनचं नाही बोलले. फक्त "घर आम्हाला लागणार आहे" एवढंच सांगितलं. आज बोलते.

वकिली_वही

पुण्यात वकिली करते, भाड्याची प्रकरणं नेहमीची. कायद्याचं तेवढं सांगते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. तुमचा लीव्ह अँड लायसन्स करार परवान्याचा आहे, भाडेपट्ट्याचा नाही, आणि फरक मोठा आहे. जुना भाडेकरू, पागडीचा (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन खोली घेतलेला) किंवा वाड्यातला, त्याच्याकडून "मला स्वतःला राहायला हवंय" म्हणून घर मागायचं तर कलम १६ खाली कोर्टात दावा लावावा लागतो. गरज रास्त आणि खरी आहे हे सिद्ध करावं लागतं आणि जास्त हाल कुणाचे होतील याचीही तुलना कोर्ट करतं. परवान्याच्या करारात यातलं काही नाही. मुदत संपली की ताबा द्यायचा. घर कशासाठी हवंय हे सांगण्याचं बंधन मालकावर नाही.

नाही दिला, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. दिवाणी कोर्टापेक्षा ही वाट जवळची आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर अर्जातलं म्हणणं मान्य धरून आदेश होतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत परवाना शुल्काच्या, म्हणजे करारातल्या भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते.

आता तुमच्या प्रकरणातली गाठ. कलम २४ ची भाषा "परवान्याची मुदत संपल्यावर" अशी आहे. तुमची मुदत जूनला संपते. नोटिशीने डिसेंबरला करार संपवलात आणि समोरचा अडून बसला, तर तो हाच मुद्दा ताणणार. तुमची बाजू चांगली असूनही जानेवारी त्यातच जाईल. म्हणजे "नोटीस पाठवली की घर मिळालं" असं होत नाही. ऑपरेशनच्या आधी घर हवं असेल तर ते त्यांच्या संमतीनेच मिळणार आहे, हे मामांनाही सांगा.

दोन गोष्टी आजच तपासा. घर आईच्या नावावर आहे, म्हणजे करारात मालक म्हणून आईच असणार. मग नोटीसही आईच्याच सहीने जायला हवी. तुम्ही सही करणार असाल तर तुमच्याकडे तिचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) हवं. आणि नोटीस करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. फोनवर सांगितलं ही नोटीस होत नाही.

आणखी एक, कुणी सल्ला दिलाच तर ऐकू नका म्हणून सांगते: पाणी बंद करणं, मीटर काढणं, कुलूप बदलणं यातलं काही करायचं नाही. अत्यावश्यक सोयी तोडण्याविरुद्ध कलम २९ आहे. आणि पोलीस घर रिकामं करून देत नाहीत, ते त्यांचं काम नाही.

जुना_वाडा

मामांना दोष देऊ नका. त्या पिढीने जे पाहिलंय त्यातून ते बोलताहेत.

आमचा सदाशिव पेठेत वाडा होता. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, आणि गोठली म्हणजे १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं असेल तेच प्रमाण धरून. माझ्या आजोबांनी तळमजल्याच्या दोन खोल्या ओळखीतल्या एका कुटुंबाला दिल्या होत्या. पुढे माझ्या वडिलांचं लग्न झालं, आम्ही भावंडं झालो, वर सगळे मिळून दोन खोल्यांत. वडिलांनी खालच्या खोल्या स्वतःसाठी मागितल्या. मिळाल्या नाहीत. दावा लावला. खालच्या कोर्टात एक निकाल, वरच्या कोर्टात दुसरा. आजोबा त्यातच गेले. दाव्याच्या तारखेला वडील इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि संध्याकाळी परत आले की आई काही विचारायची नाही.

खाली राहणारे वाईट होते असं मी आजही म्हणणार नाही. त्यांची मुलं आणि आम्ही एकाच अंगणात खेळलो. पण कायद्यानेच दोन घरांना असं बांधून ठेवलं की एकाला घर सोडणं परवडत नव्हतं आणि दुसऱ्याला स्वतःच्या घरात जागा नव्हती.

त्यात १९७३. त्या वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जो कोणी चालू परवान्यावर एखाद्या जागेत राहत होता, तो कायद्याने भाडेकरू ठरला. रात्रीतून. ज्यांनी विश्वासाने "तात्पुरतं राहा" म्हणून घर दिलं होतं, त्यांची घरं अडकली. त्यानंतर पुण्या-मुंबईत माणसांनी फ्लॅट कुलूप लावून रिकामे ठेवले पण भाड्याने दिले नाहीत. "एकदा दिलं की गेलं" हे वाक्य तिथून आलंय. १९९९ च्या कायद्याने परवान्याचा करार वेगळा काढला म्हणून आज निदान घर परत मिळण्याची खात्री आहे. वकिली_वहींनी सांगितलंय ते तुमच्या मामांना वाचून दाखवा.

शिरीष_पाकळी

> एकदा दिलं की गेलं

आमच्या गिरगावात अजून हेच. पागडीच्या खोलीत माझा काका राहतो, भाडं बघितलं तर चहाचा खर्चही निघत नाही. नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली, पण मुळात रक्कमच एवढी लहान की वाढून वाढून किती वाढणार. घरमालक दुरुस्ती करत नाही, काका सोडत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि इमारत मात्र टेकूवर.

विषयांतर झालं, पण सोनचाफांचं प्रकरण यापेक्षा किती सोपं आहे हे लक्षात यावं म्हणून लिहिलं.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असते, ठाण्यात आमचा फ्लॅट आहे. आम्हाला कडू अनुभव आला, तोही सांगते, म्हणजे कागद का हवेत ते कळेल.

करार संपला, भाडेकरू गेले नाहीत. आधी "दिवाळी होऊ द्या", मग "गावाला लग्न आहे", मग फोन उचलणंच बंद. आम्ही सुट्टीत येऊन स्वतःच्या घराची बेल वाजवली तर दार साखळीपुरतं उघडलं. शेवटी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. करार नोंदवलेला होता म्हणूनच निभावलं. समोरून "आमचं तोंडी वेगळंच ठरलं होतं" असं सांगायचा प्रयत्न झाला, तो लेखी कराराच्या अटींपुढे टिकला नाही. तरीही सगळं उरकून घर हातात यायला जवळजवळ वर्ष गेलं. तारखांना जायला दिराच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं होतं. परदेशातून पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवा: तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्या आणि भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. आमचा कागद जवळजवळ मुदत उलटेपर्यंत दिरांच्या कपाटात पडून होता.

सोनचाफा, तुमची माणसं भाडं वेळेवर देतात, फोन उचलतात, "मार्चमध्ये देतो" अशी तारीख सांगतात. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. हा फरक लहान नाही.

रानपाखरू

हडसनकाठ, वर्ष गेलं म्हणता, तेच तर मी म्हणतोय. मार्च म्हणता म्हणता जून येतो. निदान नोटीस तरी जायलाच हवी, बाकी माणुसकी नंतर दाखवा.

खडू_फळा

मी माध्यमिक शाळेत शिकवते, दहावीचे वर्ग माझ्याकडे असतात. त्या मुलाच्या वर्षाबद्दल थोडं सांगते, कारण इथे सगळे "मार्च" धरून बोलताहेत.

दहावीच्या मुलासाठी जानेवारी मार्चपेक्षा नाजूक असतो. बहुतेक शाळांत तेव्हा पूर्वपरीक्षा चालू असते, मग तोंडी आणि प्रात्यक्षिकं, आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात बोर्डाची लेखी. म्हणजे डिसेंबरअखेर घर बदलणं सगळ्यात वाईट. हलायचंच असेल तर दिवाळीच्या सुट्टीत, नाहीतर फार तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर पेपर संपेपर्यंत त्या घराला हात लावू नका.

पालकांची एक भीती असते, पत्ता बदलला तर परीक्षा केंद्र बदलेल का. केंद्र शाळेवरून ठरतं, घराच्या पत्त्यावरून नाही. त्यांना हे सांगा, अर्धी काळजी कमी होईल.

आणि मुलाला खरं तर घर बदलल्याने जेवढं बिघडत नाही, तेवढं घरातल्या टांगत्या तारखेने बिघडतं. रात्री आई-बाबा दबक्या आवाजात "आता कुठे जायचं" बोलताहेत आणि आत मुलगा भूमिती सोडवतोय, हे मी मुलांकडूनच ऐकलंय. शाळा तीच, क्लास तोच, मित्र तेच राहणार असतील तर चार इमारती पलीकडे गेलेला मुलगा आठवड्यात रुळतो.

सोनचाफा

सगळ्यांचे आभार, एकेक वाचतेय.

काल ताईंशी परत बोलले. ऑपरेशनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, हे आधी बोलला असतात तर. आम्हाला वाटलं भाडं वाढवायचंय." तिसरा_मजला_उजवीकडे, तुम्ही म्हणालात तेच.

मग आईशी बोलले. मला वाटलं होतं, मुलाची दहावी म्हटल्यावर आई मार्चपर्यंत थांबायला लगेच तयार होईल. ती म्हणाली, "त्याची दहावी आहे हे खरं. पण मला अजून किती मार्च मिळणार आहेत ते सांग." मी काही बोलू शकले नाही. दुखणारा गुडघा घेऊन ती रात्री भिंत धरून बाथरूमला जाते, मी तिच्या मागे उभी असते. तिला "अजून थोडं थांब" सांगणारी मी कोण?

म्हणजे दोन्हीकडची माणसं खरं बोलताहेत. मार्चही नको आणि डिसेंबरअखेरही नको, असं काहीतरी शोधायला हवं.

निवृत्त_छावणी

आमचे हे सैन्यात होते. आमच्यासारख्यांना कलम २३ ची वेगळी वाट आहे, भाड्याने दिलेलं स्वतःचं घर राहायला हवं असेल तर खात्याचं प्रमाणपत्र जोडून अर्ज करता येतो. तुम्हाला ते लागू नाही, पण इथे वाचणाऱ्या एखाद्या फौजी कुटुंबाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

तुमच्या आईंना मात्र थांबवू नका. सगळी नोकरी आम्ही दुसऱ्यांच्या भिंतींवर खिळे न ठोकता काढली. स्वतःच्या घरात शेवटी जायचंय ही ओढ काय असते ते मला ठाऊक आहे.

चेअरमन_नको_सेक्रेटरी

कोथरूडमधल्या एका सोसायटीचं काम बघतो. दर वर्षी दोन-चार घरांत हेच होतं, त्यामुळे सांगतो.

त्यांना "घर शोधा" म्हणून सोडून देऊ नका. तुम्हीच शोधून द्या, त्याच गल्लीत. फ्लॅट रिकामा होणार हे ऑनलाइन जाहिरात यायच्या आधी वॉचमनला कळतं, त्याच्याआधी कामवाल्या मावशींना. तुमच्या आईंच्या समोरच्या काकू आहेत ना, त्यांना एक फोन करा. आजूबाजूच्या पाच-सहा सोसायट्यांच्या सेक्रेटरींना मेसेज टाका: "दहावीचा मुलगा असलेलं चांगलं कुटुंब, आमच्याकडून खात्री." मूळ मालकाने दिलेली खात्री असली की पुढचा मालक पटकन हो म्हणतो. एजंटाशिवाय काम झालं तर त्यांचं एक महिन्याचं भाडं वाचतं.

आपल्या बाजूचं: मालक स्वतः राहायला आले की सोसायटीला लेखी कळवा, मग घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते बंद होतं. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही हे २००१ पासून ठरलेलं आहे, तरी काही ठिकाणी जास्त लावलेलं दिसतं, तेवढी जुनी बिलं बघून घ्या.

तिसरा_मजला_उजवीकडे

सेक्रेटरी काकांशी शंभर टक्के सहमत. आणि डिपॉझिटचं बोला. भाडेकरू अडतो तो इथेच, पण तोंडाने सांगत नाही.

नव्या घराचा मालक किल्ली द्यायच्या आधी डिपॉझिट मागतो. जुन्या घराचा मालक किल्ली घेतल्यावर, भिंती बघून, बिलं बघून, सवडीने डिपॉझिट देतो. मधले पंधरा दिवस-महिना एका पगारातल्या माणसाने दोन डिपॉझिटं कुठून उभी करायची? आम्ही तेव्हा सोनं ठेवलं होतं. तुम्ही अर्धं डिपॉझिट ते नवीन घराला टोकन देतील त्या दिवशी द्या, उरलेलं किल्लीच्या दिवशी. त्याने जेवढं काम होईल तेवढं दहा नोटिशींनी होणार नाही.

रानपाखरू

घर सोडायच्या आधी डिपॉझिट परत? आणि ते गेलेच नाहीत तर हातात काय राहणार?

वकिली_वही

रानपाखरू, शंका रास्त आहे, म्हणून ते लेखी करून द्यायचं. अर्धी रक्कम दिली ती कशापोटी आणि ताबा कोणत्या तारखेला, दोन्ही एकाच कागदावर. उरलेलं अर्धं हातात असतंच.

डिपॉझिट किती घ्यावं यावर आपल्या कायद्यात मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यामुळे आज जे करारात आहे तेच.

तिसरा_मजला, तुमच्या फुलपाखरांबद्दल. कलम १६ खाली स्वतःच्या गरजेचा हुकूम घेऊन मालक महिन्याभरात राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला घर भाड्याने दिलं, तर जुन्या भाडेकरूला ते परत मागता येतं, कलम १८. परवान्यावर राहणाऱ्याला हे संरक्षण नाही. मला ते खुपतं. घर परत मिळण्याची हमी मालकाला देणं योग्यच झालं, पण खोटं कारण सांगून मुदतीआधी घर रिकामं करून घेणाऱ्यावर काहीतरी बंधन हवं होतं.

सोनचाफा

मोठी बातमी. समोरच्या काकूंना फोन केला आणि दोन दिवसांत त्यांनी शोधलं. मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट नोव्हेंबरअखेर रिकामा होतोय. मालक काकूंच्या भिशीतले. मुलाची शाळा, क्लास सगळं तेच राहील. भाडं मात्र २६,५००, आमच्याकडे ते २४,००० देतात. आणि एक खोली लहान आहे.

ताई आणि दादा बघून आले. घर आवडलंय, भाड्यावर अडलंय. मी असं सुचवलंय: जूनपर्यंतचा म्हणजे आमच्या मूळ कराराच्या अखेरपर्यंतचा जो २,५०० चा फरक आहे तो आम्ही देऊ. नव्या कराराचा खर्च आणि टेम्पोही आमचा. करार त्यांनी जूनपर्यंत धरला होता, तो आम्ही आमच्या गरजेसाठी मोडतोय, तेव्हा त्याचा भार आम्हीच उचलायला हवा असं मला वाटतं. ७५,००० डिपॉझिटपैकी अर्धं टोकनच्या दिवशी.

मामाला हे पटलेलं नाही. आईला पटलं. घर तिचं आहे.

दादा म्हणाले, "रविवारी मुलाशी बोलून सांगतो, त्याला विचारल्याशिवाय नाही." मला ते फार आवडलं.

वकिली_वही, कागद कसा करायचा?

रानपाखरू

सोनचाफा, हिशोब केला तर फरक, टेम्पो, करार मिळून कोर्टाच्या खर्चापेक्षा कमीच होतंय. मी माझं नोटिशीचं म्हणणं मागे घेत नाही, पण तुमच्या जागी असतो तर आता मीही हेच केलं असतं.

वकिली_वही

नव्या कराराचा खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क साधारण एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, वर घरी अंगठे घ्यायला येणाऱ्याची फी. नोंदणी टाळू नका असं त्यांच्या नव्या मालकांनाही सांगा. कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे आणि चुकली तर दंड किंवा कैदही आहे.

तुमचा कागद साधा हवा. आईची सही, त्या दोघांपैकी करारात ज्याचं नाव आहे त्याची सही, दोन साक्षीदार. मजकूर असा ठेवा, नावं-तारखा भरा:

"आपल्यामधील दि. ___ रोजी नोंदवलेला लीव्ह अँड लायसन्स करार उभयतांच्या संमतीने दि. ७ डिसेंबर रोजी संपुष्टात येत आहे. त्या दिवशी परवानाधारक सदर सदनिकेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा मालकांस देतील. अनामत रकमेपैकी रु. ३७,५०० परवानाधारकांस आज मिळाले. उर्वरित रु. ३७,५०० मधून थकीत वीजबिल असल्यास ते वजा करून राहिलेली रक्कम ताबा देतेवेळी देण्यात येईल. मुदतीपूर्वी करार संपवण्यास परवानाधारकांनी दिलेल्या सहकार्याबद्दल मालक त्यांस दरमहा रु. २,५०० प्रमाणे जूनअखेरपर्यंतची रक्कम ताब्याच्या दिवशी एकरकमी देतील. याखेरीज उभयतांचे एकमेकांकडे काही येणे-देणे राहणार नाही."

फरकाची रक्कम दरमहा पाठवत बसू नका, एकरकमी द्या. दर महिन्याला पैसे गेले की हिशोब उगाच लांबतो. आणि "सहकार्याबद्दल" हा शब्द काढू नका, मी मुद्दाम घातलाय.

चेअरमन_नको_सेक्रेटरी

ताब्याच्या दिवशी दोघांनी मिळून घर फिरा. पंखे, गिझर, ट्रॉल्या, किल्ल्यांचे सगळे जोड. महावितरणच्या मीटरचा आकडा दिसेल असा फोटो दोघांच्या फोनमध्ये हवा, कारण शेवटचं बिल नंतरच येतं. पाइप गॅस असेल तर त्याच्याही मीटरचा. रंगाचे पैसे कापू नका. वर्षभर माणसं राहिली की भिंत मळणारच.

सोनचाफा

झालं. मुलाने हो म्हटलं. त्याची एकच अट होती, सामान त्याच्या चाचणीच्या आठवड्यात हलवायचं नाही. काल आई व्हिडिओ कॉलवर होती, दोन्हीकडच्या सह्या झाल्या. कागद इकडून तिकडे स्पीड पोस्टाने गेला-आला. शनिवारी टोकन दिलं त्यांनी, अर्धं डिपॉझिट त्याच दुपारी पाठवलं. ताईंनी आईला सांगितलंय की ऑपरेशननंतरचे पहिले आठ दिवस सकाळचा नाश्ता त्या पाठवणार. आई म्हणाली, पोहे चालतील, साबुदाणा नको.

आता मला घराची तयारी करायची आहे. आईच्या बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायचेत. कमोडच्या बाजूला किती उंचीवर घ्यावेत? टाइल्स फुटतील का?

निवृत्त_छावणी

यांच्या ऑपरेशननंतर आम्ही बसवले. उंची पुस्तकातली घेऊ नका. आईंना कमोडवर बसवून हात नैसर्गिकपणे जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. त्या आत्ता तिथे नाहीत, तर बंगळुरूच्या बाथरूममध्ये मापून घ्या, फक्त दोन्हीकडच्या कमोडची उंची सारखी आहे का ते बघा. दांडा स्टीलचा, पकड खरखरीत, आणि स्क्रू टाइलच्या मागच्या पक्क्या भिंतीत खोल गेला पाहिजे. नुसता टाइलवर धरलेला दांडा वजन पडलं की निघून येतो. चोषकाने चिकटणारे मिळतात ते अजिबात नको.

तिसरा_मजला_उजवीकडे

टाइलला आधी काच-टाइलसाठी मिळणारं ड्रिलचं बिट लावून भोक पाडायला सांगा, ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून. मग फुटत नाही. कोथरूड डेपोजवळ एक प्लंबर आहे, आमच्याकडे नीट काम केलं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.